पॅलॅडिनची शपथ: डिव्होशन की व्हेन्जन्स?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या 2003 सालच्या 3.5 आवृत्तीत हा प्रश्नच पडत नसे. पॅलॅडिन, म्हणजे दैवी शक्ती असलेला योद्धा, लॉफुल गुडच (नियम पाळणारा आणि सज्जन) असायचा. खोटं बोलणं, विष वापरणं वर्ज्य. जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की सगळ्या शक्ती जात. दुष्ट सोबतीही चालत नसे, आणि त्यावरूनच कितीतरी टोळ्या फुटत. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ही सक्ती गेली आणि तिसऱ्या लेव्हलला शपथ निवडायची सोय आली. डिव्होशन (निष्ठा) आणि व्हेन्जन्स (सूड) या त्यांतल्याच दोन. पुढचं सगळं याच नियमांनुसार.

डिव्होशनमध्ये सत्य, धैर्य, करुणा, सन्मान आणि कर्तव्य ही पाच वचनं. नवे खेळाडू सत्याला घाबरतात, पण खेळ अडतो करुणेपाशी. गॉब्लिनने शस्त्र टाकलं, आता त्याचं काय करायचं? नियम इथे मदतीला येतात: जवळून केलेल्या ज्या वाराने शत्रूचे प्राणांक (हिट पॉइंट) शून्यावर येतात, त्याच क्षणी ‘बेशुद्ध करतो’ म्हणायचं. 3.5 मध्ये तलवारीने असं करायला फाशावर उणे 4 बसत. आता काहीच नाही. बाणाने मात्र जमत नाही. पाचव्या लेव्हलला झोन ऑफ ट्रुथ हा मंत्र मिळतो. त्याचा परिणाम झालेला कैदी खोटं बोलू शकत नाही, पण गप्प बसू शकतो, म्हणून प्रश्न नेमके विचारा.

व्हेन्जन्समधलं ‘वाटेल त्या मार्गाने’ हे वचन सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. तो कैद्यांना छळण्याचा परवाना नव्हे. दया नाकारायची ती ज्याच्याविरुद्ध शपथ घेतली त्या वैऱ्याला. साध्या शत्रूला ती मिळू शकते. चौथं वचन तर वैऱ्याने उद्ध्वस्त केलेल्यांना सावरायला सांगतं, आणि तेच टेबलावर विसरलं जातं. ठरलेला वैरी नसेल तर ही शपथ पोकळ वाटते, म्हणून त्याचं नाव डीएमकडून (खेळ चालवणाऱ्याकडून) आधीच घ्या.

लढाईत व्हेन्जन्स सरस. त्यातल्या व्हाव ऑफ एन्मिटी या शक्तीला बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) पुरते, त्यामुळे त्याच पाळीत वार करून मिनिटभर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) मिळतो. डिव्होशनच्या सेक्रेड वेपन या शक्तीला अख्खी ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते. तीन-चार फेऱ्यांच्या चकमकीत हे महाग पडतं. डिव्हाइन स्माइट, म्हणजे मंत्राचा स्लॉट खर्चून वाराला दिलेली जादा इजा, दोन्हीकडे सारखाच: पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला 2डी8 (आठ बाजूंचे दोन फासे). तो आता निरपराधावरही चालतो. वार योग्य की अयोग्य, हे खेळाडूनेच ठरवायचं.

पहिलाच पॅलॅडिन असेल तर डिव्होशन घ्या. सोबतचा रोग (चोरट्या वर्गाचं पात्र) कैद्यांचे गळे चिरणारा असेल तर पहिल्या सत्राआधीच त्या खेळाडूशी बोला. शपथ फक्त तुम्हाला बांधते, त्याला नाही.