एच४ हेडलाइटला रिले किट आणि खाली फॉग लॅम्प: काय घ्यावं, कसं बसवावं

वॅगन आर, अल्टो किंवा स्विफ्टचं खालचं मॉडेल चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. शहरात भागतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना पांढरा पट्टासुद्धा दिसत नाही. ॲक्सेसरीवाल्याकडे यावर एकच उत्तर असतं: मागे पंखा असलेले एलईडी बल्ब. दहा मिनिटांत बसवतो, समोरच्या शटरवर लख्ख उजेड पाडून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आमचं मत उलट आहे. एच४ बल्बच्या गाडीत (लांबचा झोत म्हणजे अप्पर आणि जवळचा झोत म्हणजे डिपर, दोन्ही एकाच बल्बमध्ये) सगळ्यात आधी रिले किट घ्यावं, म्हणजे बल्बला थेट बॅटरीवरून जाड वायरने पुरवठा देणारं, विजेने चालणाऱ्या स्विचांचं (रिलेंचं) वायरिंग, मग चांगला हॅलोजन बल्ब, मग फॉग लॅम्प. एलईडी बल्ब या यादीतच नाही.

पण खरेदीआधी मल्टिमीटर काढा. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, साधारण १३.८ ते १४.२ येईल. आता हेडलाइटचा कपलर (बल्बमागचा वायरचा प्लग) बल्बवर तसाच ठेवून, मागून पिना घालून बल्बवरचं व्होल्टेज मोजा. कंपनीची वायर बारीक असते आणि सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, त्यामुळे जुन्या गाड्यांत इथे एक व्होल्ट सहज कमी भरतो. एक व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.८ ऐवजी १२.८ मिळाले की जवळपास २२ टक्के उजेड गेला, तोही नव्या बल्बचा. फरक ०.३ व्होल्टच्या आत असेल तर रिले किटवर पैसे घालू नका. हेडलाइटची काच आणि झोताचा रोख तपासा.

किट घेताना आत काय आहे ते उघडून बघा. दोन रिले (एक अप्परला, एक डिपरला), किमान ३० अँपिअरचे. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटरची हवी. जाड प्लास्टिक आणि आत केसाएवढं तांबं, असा माल बाजारात भरपूर आहे, म्हणून टोक सोलूनच बघा. बल्बचे होल्डर सिरॅमिकचे असावेत. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कुणीच वाली नसतो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून आठ-नऊ अँपिअर ओढतात, त्याला १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. हेला कंपनीचं किट मिळालं तर उत्तम. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे भाग घेऊन चांगला इलेक्ट्रिशियन तसंच किट बांधूनही देतो.

बसवणं अवघड नाही. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. एका बाजूचा मूळ कपलर किटच्या इनपुटला जोडा. दुसऱ्या बाजूचा कपलर मोकळा राहतो, त्याला टेप मारून बांधून टाका. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून बल्ब, ८६ ला मूळ कपलरचा सिग्नल, ८५ ला अर्थ (गाडीच्या बॉडीची निगेटिव्ह). रिले उभे आणि पिना खाली अशा बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. वायर रेडिएटरच्या पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या गरम पाइपपासून लांब न्या. अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बॉडीच्या बोल्टला लावताना खालचा रंग खरवडून धातू उघडा करा. या कामातल्या बहुतेक तक्रारी, म्हणजे एक लाइट मंद, अप्पर लावला की डिपर मिणमिणतो, इथूनच येतात.

दोन ठिकाणी गफलत होते. जपानी धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत एच४ कपलरची सामायिक पिन अर्थ नसून पॉझिटिव्ह असते आणि स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. साधं किट तिथे लावलं तर लाइट लागत नाही, किंवा मीटरवरची निळी अप्परची खूण बंद पडते. आधी मीटरने तपासा आणि तसंच किट मागा. दुसरं, नव्या गाड्यांत लाइटचा पुरवठा कॉम्प्युटर तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करत करतो. तिथे साधा रिले खडखडतो आणि थोड्याच दिवसांत जळतो. अशा गाडीत रिले किटच्या नादाला लागू नये.

बल्ब ६०/५५ वॅटचाच घ्या. ऑस्रामचा नाइट ब्रेकर किंवा फिलिप्सचा एक्स्ट्रीम व्हिजन, दोन्ही चांगले. खोक्यावरचा १३० किंवा १५० टक्क्यांचा आकडा नियमातल्या किमान मर्यादेशी तुलना करून, झोताच्या ठरावीक भागापुरता दिलेला असतो; एकूण उजेड दुप्पट होत नाही. फिलामेंट बारीक आणि जास्त तापणारं असल्याने हे बल्ब साध्या बल्बपेक्षा लवकर जातात, ही त्यांची खरी किंमत. निळसर काचेचे बल्ब घेऊ नका. निळा थर उजेड अडवतो आणि ओल्या डांबरावर काही दिसत नाही. १००/९० वॅटचे बल्ब अजून विकले जातात. कंपनीच्या वायरिंगवर ते लावले की कपलर वितळतो, आणि रिले लावूनही उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा धुरकट होतो. बल्बच्या काचेला बोट लावू नये. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच लावा.

आता एलईडीचं. एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती रिफ्लेक्टरचा खालचा भाग झाकते आणि त्यातून झोताची वरची कड तयार होते. रिफ्लेक्टरची सगळी घडण त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात, जागा आणि आकार दोन्ही वेगळे. कड फिसकटते, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो, आणि बोनेटपुढचा रस्ता इतका उजळतो की आपले डोळे आकसून लांबचं आणखी अंधारतं. त्यात मागचा पंखा रबरी टोपी नीट बसू देत नाही, मग पहिल्याच पावसात काचेत पाणी. खोक्यावर २०० वॅट लिहिलेलं असेल तर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. खरे २०० वॅट असते तर साडेचौदा अँपिअर दिसले असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ डोळे दिपवणाऱ्या झोताबद्दलच आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

फॉग लॅम्पकडून अपेक्षा माफक ठेवा. त्याचं काम गाडीपुढचे पंधरा-वीस मीटर आणि दोन्ही कडा दाखवणं. खाली बसवतात ते एवढ्यासाठी की झोत धुक्याच्या पडद्यावर आपटून डोळ्यांवर परत येऊ नये. धुक्यात डिपर आणि फॉग, अप्पर कधीच नाही. पिवळा प्रकाश धुकं भेदतो हा समज जुना आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा आणि पांढरा जवळपास सारखाच विखुरतो. पिवळ्याने काहींच्या डोळ्यांना कमी त्रास होतो, एवढंच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटही पिवळे लागत, तरी बाकी युरोपात पांढऱ्यावरच भागत होतं.

गाडीच्या मॉडेलसाठी बनलेलं किट घ्या: दोन लॅम्प, जाळीची कव्हरं, ब्रॅकेट, रिलेसह वायरिंग, स्विच. दुकानातच लॅम्प उलटा करून दोन गोष्टी बघा. उंची बदलायचा स्क्रू आहे का? स्वस्त नकलेत तो नुसता ठसा असतो, फिरत नाही. आणि काचेवर गोलातली ई ही युरोपीय मान्यतेची खूण आणि फॉग लॅम्प असल्याचं सांगणारं बी किंवा एफ३ हे अक्षर आहे का? बाहेरून मागवलेल्या हेडलाइटच्या बाबतीत आणखी एक: लॅम्पसमोर तोंड करून उभं राहिल्यावर काचेवर उजवीकडे दाखवणारा बाण हवा, तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. बाणच नसेल तर झोताची वर चढणारी कड समोरच्या गाडीवर जाईल.

फॉगच्या बल्बमध्ये एच८ (३५ वॅट), एच११ (५५ वॅट) आणि एच१६ (१९ वॅट) दिसायला भावंडं आहेत, फक्त बुडाच्या खाचा वेगळ्या. खाच तासून ५५ वॅटचा बल्ब ३५ च्या लॅम्पमध्ये कोंबणारे कारागीर भेटतात. प्लास्टिकची काच आधी पिवळी पडते, मग फुगते.

स्विचचा पुरवठा पार्किंग लाइटच्या लाइनवरून घ्या, म्हणजे गाडीचे लाइट बंद केल्यावर फॉग चुकून चालू राहत नाही. पार्किंगची वायर सोलून पीळ मारण्यापेक्षा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी खोचून जादा लाइन काढायची पिन) वापरा. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकल वॉरंटीवर वाद घालतं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये बम्पर उतरवावा लागत नाही: स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागच्या प्लास्टिकच्या दोन-तीन क्लिप काढल्या की हात आत जातो. बम्पर उतरवायचाच असेल तर चार-पाच क्लिप जादा आणून ठेवा.

शेवटी झोताचा रोख, आणि दुकानं नेमकं हेच टाळतात. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, डॅशबोर्डवरचं लेव्हलचं चाक शून्यावर. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने आखा. डिपरची सपाट कड त्या रेषेच्या पाच ते सहा सेंटीमीटर खाली आणि तिरकी कड डावीकडे वर चढलेली हवी. फॉगची कड त्याच्या स्वतःच्या रेषेखाली दहा सेंटीमीटर. एच४ मध्ये अप्पर वेगळा लावता येत नाही, डिपर बसला की तो आपोआप बसतो. दोन-तीनशे किलोमीटर खराब रस्त्यावर झाले की फॉगच्या ब्रॅकेटचे स्क्रू पुन्हा आवळा आणि कड पुन्हा भिंतीवर बघा. सकाळी काचेत हलकी वाफ दिसून लाइट लावल्यावर गेली तर ठीक. तळाला पाणी साचलेलं दिसलं तर मागची रबरी टोपी आणि हेडलाइटची श्वासनळी (आतली वाफ बाहेर सोडणारी छोटी नळी) तपासा. सिलिकॉनने सगळं बंद केलंत तर तेच पाणी आत अडकून रिफ्लेक्टर खाईल.