घडीचा वॉकर घेताय? आधी उलटा करून बघा

खरं तर हा रिव्ह्यू मी वॉकर आल्याआल्याच लिहिणार होते, आणि तेव्हा लिहिला असता तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. वजनाला हलका, बटण दाबलं की घडी होते, पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत गपगुमान उभा राहतो. मग एके सकाळी बाथरूमच्या उंबऱ्यावर पुढच्या डाव्या पायाचं रबर फाटून पाइप खाली आला, फरशीवर खर्रकन आवाज झाला आणि वॉकर तिरपा गेला. दाराची चौकट हाताशी होती म्हणून निभावलं. त्यामुळे पुढे जे आहे ते मुख्यतः रबराबद्दल आहे. ज्यांना घ्यावा की नाही एवढंच हवंय त्यांनी घ्या. पण रबरं बदलून मगच वापरा.

माझी केस अशी: दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना स्टुलावरून पडले आणि टाचेचं हाड, म्हणजे कॅल्केनियस, फुटलं. प्लेट बसवली. पावलातलं हे सगळ्यात मोठं हाड आणि उभं राहिलं की भार थेट त्याच्यावर, म्हणून सर्जननी बजावलं की निदान सहा ते आठ आठवडे तो पाय जमिनीला लावायचा नाही, पुढचं एक्स-रे बघून ठरवू. आम्ही डोंबिवलीत, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

आता वॉकर बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतात आजी-आजोबा. दोन्ही पाय टेकतात, वॉकरचा जरा आधार घेतात, हळूहळू चालतात. आमच्यासारख्यांचं तसं नसतं. एक पाय अधांतरी, त्यामुळे वॉकर पुढे ठेवायचा, दोन्ही तळहातांवर अख्खं अंग तोलायचं आणि चांगल्या पायाने उडी मारायची. म्हणजे प्रत्येक पावलाला माझे सगळे किलो त्या चार रबरांवर आदळणार, त्यातही पुढच्या दोघांवर जास्त, कारण उडी घेताना आपण पुढे झुकतो. पेटीवर मोठ्या अक्षरात ‘१०० किलोपर्यंत’ लिहिलंय, ते फ्रेमबद्दल. रबराबद्दल पेटीवर, माहितीपत्रकात, कुठेही चकार शब्द नाही. आणि जमिनीला टेकतं काय? रबरच ना?

फाटलेलं रबर काढून बघितलं तर आत काहीच नव्हतं. नुसतं पातळ, मऊ रबर, आणि त्याच्या तळाला पाइपच्या धारेने बरोब्बर गोल कापून काढलेली चकती. सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळचा एक जुना, जड वॉकर गच्चीच्या जिन्यात पडून होता. त्याचं रबर ओढून काढलं (नवऱ्याने काढलं, मी सूचना दिल्या), तर आत लोखंडी वॉशर! पाइप त्या वॉशरवर बसतो, त्यामुळे रबर कापलं जात नाही. एका वॉशरची किंमत ती काय, आणि तेवढ्यात कंपनीने हात आखडता घेतला.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. “मॅडम, रबर पार्ट कन्झ्युमेबलमध्ये येतो, वॉरंटी फ्रेमवर आहे.” मी विचारलं, फ्रेम मी हवेत वापरायची का? त्यावर तिने तक्रार नोंदवून घेतली आणि फोटो मेल करायला सांगितले. फोटो पाठवले. उत्तर आलं की फोटोत बिल दिसत नाही. रबराच्या फोटोत बिल कसं दिसेल हे मी अजून समजून घेतेय.

तोवर बसून कुठे राहणार, म्हणून सर्जिकलच्या दुकानातून नवी रबरं आणायची ठरवली. दुकानदार म्हणाला, बुश (या रबरांना दुकानात बुश म्हणतात) आहेत, साइझ सांगा. ही रबरं १९, २२, २५ मिलिमीटर अशा मापांत मिळतात आणि एक माप इकडचं तिकडे झालं तरी एकतर चढत नाहीत, नाहीतर दोन दिवसांत निघून येतात. घरात जाडी मोजायचं व्हर्नियर नाही. मग पाइपला शिवणाचा दोरा एक वेढा गुंडाळला, पट्टीवर मोजला, ७९ मिलिमीटर भरला, त्याला ३.१४ ने भागलं, आले २५. हे गणित ज्यांना शाळेत कधी उपयोगाचं वाटलं नाही त्यांनी नोंद घ्यावी. माप मात्र रबर काढून उघड्या पाइपचंच घ्या, आणि खालच्या टोकाशी, कारण उंची कमीजास्त करायचा आतला पाइप वरच्यापेक्षा बारीक असतो. वॉशरवाली, जाड तळाची चार रबरं अडीचशेच्या आत आली. बसताना घट्ट जातात. साबणाचं पाणी लावा, तेल अजिबात नको.

फरक पहिल्याच दिवशी कळला. आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, मागच्या गॅलरीत आणि बाथरूमबाहेर जुनी शहाबादी. शहाबादीवर कुठलंही रबर बऱ्यापैकी धरतं. टाइलवर पाण्याचा थेंब असला की जुनी रबरं सरकायची, नवी धरून बसतात. तळाला गोल गोल खाचा असतात त्या बघत राहायच्या. खाचा पुसट झाल्या किंवा रबर एका बाजूने झिजलं की सेट बदलायचा. चारही एकदम बदला, एकच नवं टाकलंत तर वॉकर डुगडुगतो.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. पुढे चाकं असलेलं मॉडेल शंभर-दोनशे रुपयांनी महाग मिळतं आणि दुकानात ते फार छान वाटतं. एक पाय उचलून चालणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये, तुम्ही उडी मारायच्या आत ते पुढे पळतं. उंची लावताना सरळ उभं राहून हात सोडा, मनगटाच्या घडीशी वॉकरची मूठ आली पाहिजे. मग धरल्यावर कोपर जरासं वाकतं, तेच बरोबर. माझा आधी एक भोक वर लागला होता, खांदे कानापर्यंत जायचे. मुठीवरचा फोम तिसऱ्या आठवड्यात गोल फिरायला लागला आणि तळहात सोलवटले. जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून वर सेलोटेप. दिसतं भिकार, काम चोख.

सगळ्यात मोठी अडचण कुणी आधी सांगत नाही: दोन्ही हात वॉकरला, मग चहाचा कप न्यायचा कसा? पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधली. त्यात मोबाइल, चष्मा, गोळ्या, घट्ट झाकणाचा छोटा थर्मास. पिशवीत दोन नारळ आणि कांदे टाकून बघितले, वॉकर पुढे कलंडायला लागला, तेव्हा हलकंच सामान. ओट्याशी उभं राहायचं तर फिजिओने सांगितलेली युक्ती भारी आहे: पाठ नसलेलं पक्कं स्टूल भिंतीशी अडकवायचं, वर उशी, आणि दुखऱ्या पायाचा गुडघा त्यावर टेकवायचा. पाऊल मागे अधांतरी राहतं आणि हात मोकळे. पोळ्या नाही जमल्या, पण फोडणी जमली. फार वेळ नको, पाऊल खाली राहिलं की सुजतं, जांभळं होतं. परत पलंगावर, पाय छातीच्या वर, दोन उशा आणि एक लोड.

भाचा न्यू जर्सीत असतो. त्याचं सुरुवातीपासून टुमणं, मावशी, नी-स्कूटर घे, इथे सगळे तीच वापरतात. गुडघा टेकवायचा आणि चांगल्या पायाने ढकलत जायचं. मी कंटाळून भाड्याने मागवली, आणि पहिल्या तासात मत झालं की पैसे पाण्यात. प्रत्येक दाराला उंबरा, बाथरूमला चार बोटं उंच कट्टा, छोटी चाकं तिथेच अडतात. पण हॉल ते बेडरूम आणि पॅसेज या सपाट पट्ट्यात तिने तळहातांना जी सुट्टी दिली ती मी विसरणार नाही. म्हणून मत बदलते: महिनाभर भाड्याने घ्यायला हरकत नाही, विकत अजिबात नको. बाथरूमला वॉकरच. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची (स्टूल नको, पाठ टेकायला हवी), पायाला मोठी पिशवी आणि वर रुंद इलॅस्टिक.

व्हीलचेअर मात्र विकत घ्यायची गरजच पडली नाही. आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या रुग्णसाहित्य केंद्रातून फक्त डिपॉझिटवर मिळाली, भाडं शून्य. अशी केंद्रं बऱ्याच गावांत आहेत, मंडळं चालवतात, वॉकर आणि कमोड खुर्चीही असते. आधी तिथे विचारा. जिना मात्र बसूनच, एकेक पायरी, पाठ वरच्या दिशेला, नवरा खाली उभा. शेजारच्या मुलांना फार मजा वाटली. पुढे कुबड्या आल्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आणि कुबडी काखेत रुतवायची नाही, दोन-तीन बोटं जागा ठेवायची, भार हातावर. काखेतली नस दाबली गेली तर मनगट लुळं पडतं.

थोडा थोडा भार द्यायला परवानगी मिळाली तेव्हा फिजिओने वजनकाटा मागितला. वॉकरमध्ये उभं राहून दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि काटा १० किलोवर आणायचा, मग हाताला आणि पायाला ते १० किलो लक्षात ठेवायला लावायचं. मला वाटलं होतं १० म्हणजे नुसतं टेकवणं. काट्यावर पाय ठेवला आणि सहज २५! या टप्प्यात वॉकर पुन्हा कामाला आला, आणि रबरं नवी असल्यामुळे मी त्याच्यावर निर्धास्त रेलू शकले. म्हणून अंतिम तारे: फ्रेमला चार, फोमला दोन, मूळ रबराला शून्य.

ता. क. लिहून झालं आणि कुरिअर आलं. कंपनीने ‘गुडविल’ म्हणून दोन रबरं पाठवलीत. चार नाही, दोन. तीही २२ मिलिमीटरची, आत वॉशर नाही. डोंबिवलीत कुणाच्या काठीला २२ लागत असेल तर घेऊन जा, फुकट.