घरी ग्राफिक्स कार्डवर मायनिंग: दिवाळी ते पावसाळा, आणि मध्ये अडकलेला पंखा

एप्रिलच्या मध्यावर माझ्या आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्डाचा एक पंखा बंद पडला. चिप शाबूत, मेमरी शाबूत, बिलात चाळीस हजारांच्या घरात गेलेलं कार्ड ठणठणीत, आणि सगळं अडलं शे-दोनशे रुपयांच्या पंख्यापायी. त्यानंतर सर्व्हिस सेंटरशी जे झालं त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहितोय. दिवाळीनंतर मायनिंग, म्हणजे कार्डाकडून गणितं सोडवून घेऊन मोबदल्यात क्रिप्टो नाणी मिळवणं, सुरू केलं तेव्हापासून कोल्हापुरातल्या राजारामपुरी, शाहूपुरीतले ओळखीचे तीनच प्रश्न विचारतात: कुठलं कार्ड घेऊ, महिन्याला किती सुटतात, बिटकॉइन निघतो का? पंखा कोणीच विचारत नाही.

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ग्राफिक्स कार्डवर थेट बिटकॉइन काढायचे दिवस २०१३ च्या सुमारास एसिक मशीन (फक्त याच कामासाठी बनवलेली) आली तेव्हाच संपले. कार्डवाल्यांचं खरं पीक होतं इथेरियम, आणि तेही १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं. त्या दिवशी इथेरियम प्रूफ ऑफ वर्कवरून (गणितं सोडवणाऱ्याला मोबदला) प्रूफ ऑफ स्टेकवर (नाणी गुंतवून ठेवणाऱ्याला मोबदला) गेलं आणि जगभरची लाखो कार्डं रेव्हनकॉइन, अर्गो, इथेरियम क्लासिक अशा छोट्या नाण्यांवर येऊन पडली. वाटेकरी वाढले, वाटा आटला. २०२१ चे जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडत असाल तर तो कागद फाडून टाका.

माझी मांडणी साधी आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम घरातूनच चालतं, त्यासाठी ३०६० टीआय आधीच घेतलेलं होतं. काम नसेल तेव्हा तेच कार्ड मायनिंगला. जोडीला एक जुनं आरएक्स ५८० घेऊन पाहिलं, ८ जीबीवालं. त्याच्यावर वेळ घालवू नका. इथेरियमच्या काळात ते ३० मेगाहॅश (गणितं सोडवायचा वेग) द्यायचं, ३०६० टीआय ६० द्यायचं, आणि वीज मात्र दोघांची जवळपास सारखी. महिन्याभरातच ते काढून भाच्याला गेम खेळायला दिलं. ४ जीबीची कार्डं तर कोणी फुकट दिली तरी या कामाला घेऊ नका. इथेरियमची डॅग फाइल (मायनिंगसाठी कार्डाच्या मेमरीत मावावी लागणारी) डिसेंबर २०२० मध्येच ४ जीबीच्या पुढे गेली होती आणि ती कार्डं तेव्हाच बाद झाली होती.

सुरुवात मी रेव्हनकॉइनने केली. टी-रेक्स मायनर हे सॉफ्टवेअर, टूमायनर्सचा पूल (अनेकांनी मिळून काम करून कमाई वाटून घ्यायची जागा), एक वॉलेट (नाण्यांचं डिजिटल पाकीट), आणि बॅच फाइलमध्ये एक ओळ. अर्ध्या तासात चालू झालं. पण रेव्हनकॉइनची गणिताची पद्धत, कावपाऊ अल्गोरिदम, कार्डाचा कोअर म्हणजे मुख्य चिप पिळून काढते. वीज सहज १८० वॉटच्या पुढे आणि खोली गरम. अर्गोचा ऑटोलिकोस अल्गोरिदम मेमरीवर चालतो, त्याला कोअर फार लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअरचं व्होल्टेज खाली आणलं, मेमरी थोडी वाढवली, आणि २०० वॉटचं कार्ड १२५ वॉटवर स्थिर झालं. हे अंडरव्होल्टिंग शिकलो याचा आनंद मला कमाईपेक्षा जास्त आहे. आता एडिटिंगलाही तीच सेटिंग वापरतो. रेंडरला नावापुरता वेळ जास्त लागतो आणि कार्ड थंड राहतं.

नाण्यांचे पैसे करायला भारतीय एक्स्चेंजवर (नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात) सगळी छोटी नाणी चालत नाहीत. म्हणून पुढे मी नाइसहॅशवर आलो. तिथे आपण आपली हॅशपॉवर, म्हणजे कार्डाची गणितं सोडवायची ताकद, विकतो आणि पैसे बिटकॉइनमध्ये मिळतात. सोय चांगली आहे, फक्त तिथे शिल्लक साठवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये नाइसहॅश हॅक झालं तेव्हा साधारण ४,७०० बिटकॉइन गेले होते. किमान रक्कम झाली की आपल्या वॉलेटला काढून घ्यायची.

आता पंखा.

या कार्डाला दोन पंखे आहेत, दोन्ही स्लीव्ह बेअरिंगचे. म्हणजे दांडा पितळी बुशात तेलावर फिरतो. हे तेल उष्णतेने सुकतं. त्यात टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं, पंखे खाली तोंड करून लटकतात, आणि उभ्या दांड्यावर स्लीव्ह बेअरिंग सगळ्यात लवकर झिजतं. गेम खेळणाऱ्याचा पंखा दिवसाला तीन तास फिरतो, माझा वीस तास. जानेवारीपासूनच सुरू होताना घरघर यायची. मार्चअखेर माडीवरची खोली दुपारी तापायला लागली, तापमान ७४ च्या पुढे जायला लागलं, आणि एप्रिलमध्ये एक पंखा अडकला तो अडकलाच. दुसऱ्या दिवशी वळीव झाला, लाइट गेली, परत आली तेव्हा दुसराही कण्हत होता. मशीन बंद केलं.

कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी चालू होती, बिल माझ्या नावावर होतं. कुरिअरने सर्व्हिस सेंटरला पाठवलं. बरेच दिवस काहीच नाही. मग फोन आला, “मायनिंग केलेलं दिसतंय, वॉरंटीत बसत नाही.” कशावरून? तर थर्मल पॅडला (चिपांची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्टीला) तेल सुटलंय. मी म्हटलं, पॅडचं राहू द्या, तक्रार पंख्याची आहे. तर म्हणे पंखा सुटा मिळत नाही, हीटसिंकसकट (उष्णता खेचणाऱ्या धातूच्या पट्ट्यांसकट) पूर्ण कूलर घ्यावा लागेल. आणि त्याची सांगितलेली किंमत अशी की तेवढ्यात जुनं का होईना, दुसरं कार्ड आलं असतं. मी वॉरंटीच्या अटी ओळ न् ओळ वाचल्या. माझ्या कार्डच्या अटींत मायनिंग हा शब्द नाही, ‘व्यावसायिक वापर’ आहे. एडिटिंगच्या धंद्यासाठी घेतलेलं कार्ड मग पहिल्या दिवसापासूनच वॉरंटीबाहेर होतं का? याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. कार्ड आलं तसं परत मागवलं. ज्या भागाची झीज ठरलेली आहे तो भाग सुटा विकायचा नाही, हे मला मनापासून खटकतं. मोटरसायकलची ब्रेक शू संपली म्हणून कोणी अख्खं चाक विकत घ्यायला लावत नाही.

शेवटी काम झालं ते आपल्या उद्यमनगरात, कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या वस्तीत. कार्डाचा वरचा प्लास्टिकचा साचा आणि दोन्ही मूळ पंखे मी काढून टाकले, फक्त हीटसिंक ठेवला. त्याच्यावर बॉल बेअरिंगचे १२० मिलिमीटरचे कॅबिनेट फॅन बसवायचे होते, त्यासाठी ॲल्युमिनियमची पट्टी हवी होती. माप कागदावर काढून एका लहान वर्कशॉपमध्ये गेलो. मिस्त्रींनी कार्ड हातात धरून बघितलं, वजन तोललं आणि म्हणाले, “पंखं कार्डावर टांगू नगा, कॅबिनेटला टांगा. हादरा कार्डाला कशाला द्यायचा?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी एल आकाराची पट्टी वाकवून भोकं पाडली, कडा घासून दिल्या, खाली रबरी वॉशर टाकले आणि साडेतीनशे रुपये घेतले. दोन फॅन चौदाशेचे. वायर मदरबोर्डवरच्या पंख्याच्या सॉकेटला (फॅन हेडर) दिली, म्हणजे वेग तिथून ठरवता येतो. जाता जाता थर्मल पॅडही बदलले.

निकाल? मे महिन्यात, त्याच माडीवरच्या खोलीत, त्याच १२५ वॉटवर तापमान ६० च्या आत. आवाज इतका कमी की रेकॉर्डिंग तपासताना मशीन बंद करावं लागत नाही. कंपनीने संशोधन करून बसवलेल्या कूलरपेक्षा उद्यमनगरातली पट्टी सरस निघाली, हे मी मोजून सांगतोय. हे करताना वॉरंटी पूर्ण जाते, पण माझी तशीही नाकारलेली होती. ज्यांची चालू आहे त्यांनी घरघर सुरू होताच, मायनिंगचा विषय न काढता, पंख्याची तक्रार नोंदवून ठेवावी.

पैशाचं बोलू. इथे माझं मत या काळात बदललं.

घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटरिंगचं. हिवाळ्यात-उन्हाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट पडतात, घरचा वापर सात-आठ. उरलेलं ग्रिडमध्ये जातं आणि माझ्या नावावर शिल्लक म्हणून जमा राहतं. मायनिंग सुरू केलं ते याच उरलेल्या युनिटांवर. कार्ड आणि बाकी मशीन धरून १७५ वॉट, वीस तास, म्हणजे साडेतीन युनिट. वाटलं, फुकटची वीज आहे. पण वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी शिल्लक युनिटांचे पैसे अगदी किरकोळ दराने मिळतात आणि पाटी पुन्हा कोरी होते. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या काळातली शिल्लक खरंच स्वस्त आहे. एप्रिल-मेची शिल्लक मात्र अजिबात स्वस्त नाही. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर आभाळ उघडत नाही, जुलैत माझ्या पॅनेलवर दिवसाला चार-पाच युनिटही मुश्किलीने येतात. तेव्हा एप्रिल-मेचीच शिल्लक घर चालवते. ती मायनिंगमध्ये जाळली तर पावसाळ्यात तीच युनिटं पूर्ण दराने विकत घ्यायची, वर वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च), १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे माझा नियम ठरला: एप्रिल ते सप्टेंबर मायनिंग बंद.

सोलर नसेल तर करूच नका, स्पष्ट सांगतो. घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. मायनिंगचं प्रत्येक युनिट घरच्या वापरावर चढून वरच्या टप्प्यातच पडतं. मला दिवसाला मिळायचे साधारण २० रुपये, भाव चांगला असेल तर २५. साडेतीन युनिटांचे वरच्या टप्प्यात त्याहून बरेच जास्त जातात.

आणि कर. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, वर सेस. विक्रीवर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. मायनिंगवाल्यांसाठी सगळ्यात कडू भाग म्हणजे मशीनचा खर्च नाण्याची खरेदी किंमत म्हणून धरता येत नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं आहे. माझ्या सीएंनी वीजबिलही वजा धरलं नाही. ते म्हणाले, लहान रक्कम असली तरी विवरणपत्रात दाखवा. दाखवली.

म्हणजे एका युनिटमागे मला सहा रुपयांच्या आसपास, कर जाऊन चार. ३१ मार्चच्या किरकोळ दरापेक्षा बरं. इथपर्यंत मी समाधानी होतो. मग बहिणीने विचारलं, “तेवढ्याच युनिटात शेगडी चालली तर?” मांडून बघितलं. एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १२० युनिटांत होतो. सिलिंडर साडेआठशेच्या घरात धरला तर युनिटमागे सात रुपये वाचतात, आणि त्यावर कर नाही, टीडीएस नाही, भाव पडायची भीती नाही. चार रुपये कुठे, सात कुठे! त्यामुळे आता शिल्लक युनिटांवर पहिला हक्क शेगडीचा, उरलं तर कार्डाचा.

हे वाचून ‘कार्ड नको, ॲपवरच मायनिंग करतो, महिन्याला ठरलेले पैसे मिळतात’ असं कोणी म्हणत असेल तर कृपा करून थांबा. गेनबिटकॉइन ही योजनासुद्धा ‘क्लाउड मायनिंग’च्याच (मशीन त्यांचं, आपण फक्त पैसे भरायचे) नावाने चालली होती, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटका केल्या. मायनिंगचं उत्पन्न रोज हलतं. ते ठरलेलं देतो म्हणणारा मायनिंग करत नसतो.

पावसाळ्याचं एक राहिलं. मशीन महिनोन्‌महिने बंद ठेवलं की आपल्याकडच्या ओलीने हीटसिंकवरची धूळ चिकट होते आणि पट्ट्यांमध्ये घट्ट बसते. बंद करण्याआधी ब्लोअरने साफ करा, पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळी सोडली तर हवेच्या झोताने जास्त वेगाने फिरतात आणि बेअरिंगला इजा होते. आठवड्यातून एकदा तासभर मशीन चालू करा.

जुनं कार्ड घेणार असाल तर दुकानदाराला हॅशरेट विचारत बसू नका. कार्ड बंद असताना पंखा बोटाने हळू फिरवा. दोन-तीन फेरे घेऊन सावकाश थांबला तर ठीक. लगेच अडला, किंवा दांड्यात वर-खाली खेळ जाणवला, तर किमतीतून दोन हजार कमी करून मागा. पट्टीचं माप हवं असेल तर कळवा, ३०६० टीआयचा कागद माझ्याकडे आहे.