कोळसा की सूर्य-वारा? मुंबईकराने विजेवर मत ठरवण्याआधी

निवडणूक जवळ आली की मुंबईत विजेवर दोन प्रकारची भाषणं होतात. एका मंचावरून सांगितलं जातं की कोळसा बंद केला तर लोकल थांबतील आणि बिलं आभाळाला भिडतील. दुसऱ्या मंचावरून आश्वासन येतं की सौर वीज आता सर्वांत स्वस्त आहे, कोळसा उद्या बंद केला तरी चालेल. ऐकणाऱ्याला मत द्यायचं असतं, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या पॅनलच्या ठरावावर हातही वर करायचा असतो. म्हणून दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ठेवून पाहू. माझा कल लपवत नाही. मी नवीकरणीय विजेच्या बाजूने आहे, पण काही अटी घालून.

आधी दर. इथे कोळशाची बाजू पूर्वीइतकी भक्कम उरलेली नाही. 2024 मध्ये राज्याने 6,600 मेगावॅट विजेची एकच निविदा काढली, त्यात 5,000 मेगावॅट सौर आणि उरलेली औष्णिक, म्हणजे कोळशावरची. विरोधकांनी दोन्ही प्रकार एकत्र बांधण्यावर टीका केली, सरकारने दिवस-रात्र पुरवठ्याची गरज पुढे केली. कंत्राट अदानी समूहाला मिळालं. मतदाराने त्यातला एक तपशील लक्षात ठेवावा. सौर विजेचा दर युनिटला 2 रुपये 70 पैसे, तो 25 वर्षं स्थिर. औष्णिक विजेचा दर मात्र कोळशाच्या भावाबरोबर हलणारा. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर आयात कोळसा महागला आणि केंद्राने देशभरातल्या औष्णिक केंद्रांना आयात कोळसा मिसळायला सांगितलं, तेव्हा हे हलणं काय असतं ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या बिलावर इंधन समायोजन आकाराची जी ओळ असते ती यासाठीच. सूर्याला आणि वाऱ्याला ती ओळ लागत नाही.

पण सौर बाजूचे वक्ते एक गोष्ट गाळतात. 2 रुपये 70 पैसे हा दर वीज तयार होते तिथला, आणि ऊन असतानाचा. ती वीज कच्छ-राजस्थानातून मुंबईपर्यंत आणायची, रात्री अकराला एसी चालू असताना पुरवायची, तर पारेषण आणि साठवणुकीचा खर्च त्यावर चढतो. साठवणूक धरूनच तुलना करा. तरीही नव्या कोळसा केंद्रापेक्षा नवीकरणीय वीज मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्या खर्चात अचानक उसळणारं इंधन नाही.

मग अडचण कुठे आहे? शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्यांत. मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी 4,000 मेगावॅटच्या वर जाते. शहरात तयार होणारी वीज एवढ्याला पुरत नाही. ट्रॉम्बेत टाटा पॉवरचे कोळशावरचे दोन संच आहेत, 500 आणि 250 मेगावॅटचे, जोडीला गॅसवरचा 180 मेगावॅटचा. उपनगरांसाठी डहाणूत 500 मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं. बाकीची वीज बाहेरून येते. 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा वाहिन्या बंद पडल्या आणि लोकल रुळांवर थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरवर जावं लागलं. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या वीज-जाळ्यापासून तोडून शहरातल्या केंद्रांवर चालवण्याची जी व्यवस्था वर्षानुवर्षं सांगितली जात होती, ती त्या दिवशी टिकली नाही. त्यामुळे ‘ट्रॉम्बे आहे म्हणून मुंबई सुरक्षित आहे’ असं कोणी म्हटलं तर त्याला हा दिवस आठवून द्या.

तरी त्या युक्तिवादात सत्याचा अंश आहे. बाहेरून वीज आणणारे रस्तेच अपुरे असतील तर शहरातला संच बंद करणं धोक्याचं ठरतं. म्हणून माझ्या मते या वादातली सर्वांत मोठी बातमी कुठल्याही पॅनलची नव्हती. ती खारघर-विक्रोळी 400 केव्ही वाहिनीची होती. ही वाहिनी अनेक वर्षं रखडली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे मुंबईत सुमारे 1,000 मेगावॅट जास्त वीज आणता येते. कुडूस ते आरे ही दुसरी वाहिनीही तेवढ्याच क्षमतेची योजली गेली. उमेदवार सौर ऊर्जेवर बोलत असेल आणि वाहिन्यांवर गप्प असेल, तर त्याने अर्धाच अभ्यास केलाय.

वेळेचा मुद्दा मुंबईच्या बाजूने आहे. इथे ऑफिसं आणि मॉल इतके आहेत की उन्हाळ्यात मागणीचं टोक बहुधा दुपारी येतं, जेव्हा सौर वीज भरपूर असते. प्रश्न उरतो तो रात्रीचा आणि जुलैच्या ढगाळ आठवड्यांचा. त्यावर सह्याद्रीतच एक उत्तर आहे आणि ते जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांना 1915 मध्ये खोपोलीहून पाण्याची वीज मिळू लागली, पुढे भिवपुरी आणि भिरा आले. आता भिवपुरी आणि शिरवता इथे मिळून 2,800 मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने 2023 मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. दुपारी स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज घ्यायची. पश्चिम घाटातल्या जंगलाचा प्रश्न इथेही येतो, तो विचारलाच पाहिजे. पण रात्रीसाठी कोळशाशिवाय दुसरा पर्याय नाही, असं म्हणणं बरोबर नाही.

हवेच्या बाबतीत फार वेळ घेत नाही. कोळशाच्या प्रत्येक युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, वर राख आणि सल्फर वेगळं. ट्रॉम्बेच्या आणि डहाणूच्या केंद्रांत सल्फर धुण्याची यंत्रणा आहे, देशातल्या बहुतेक केंद्रांत ती नव्हती, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ट्रॉम्बेशेजारच्या माहुलमधल्या रहिवाशांच्या फुफ्फुसांवरचं ओझं एकट्या वीज केंद्राचं नाही, तिथे रिफायनरी आणि रसायनांच्या टाक्याही आहेत. डहाणू तालुका 1991 मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, आणि तरीही तिथे चिकूच्या बागांच्या शेजारी कोळसा जाळला गेला.

मला जास्त टोचतो तो चंद्रपूरचा आणि कोराडीचा प्रश्न. राज्याच्या कोळशाच्या विजेचा मोठा भाग विदर्भात तयार होतो. चंद्रपूरचं केंद्रच 2,920 मेगावॅटचं आहे. 2022 च्या पावसाळ्यात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत गेली. पुढच्याच वर्षी कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली, नागपुरात त्याला मोठा विरोध झाला. मुंबईतली कोळसा केंद्रं बंद करून तीच वीज विदर्भातून आणली, तर आपण फक्त धूर दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. ‘मुंबई कोळसामुक्त’ असं आश्वासन कोणी दिलं की पुढचा प्रश्न लगेच विचारा, मग वीज कुठून?

कोळशाच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा रोजगाराचा आहे, आणि तो आमच्यासारख्यांनी टाळू नये. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, वीज केंद्रांतले कंत्राटी कामगार, राखेचे ट्रक, खानावळी, सगळं एकमेकांवर उभं आहे. शिवाय रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळपास निम्मा माल कोळसा असतो, आणि मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवासी भाड्याचा तोटा भरून निघतो. पाच रुपयांच्या लोकल तिकिटामागे कोळशाची वाघीणही आहे. कोळसा कमी होणार असेल तर तो खड्डा कोण भरणार, याचं उत्तर कुठल्याच पक्षाने नीट दिलेलं मी ऐकलेलं नाही. दुसऱ्या बाजूलाही किंमत आहेच. राजस्थानात सौर वीज वाहून नेणाऱ्या तारांनी माळढोक पक्ष्याचा जीव धोक्यात आणला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

घरच्या पातळीवर निवड सोपी आहे. राज्य वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये हरित विजेसाठी जादा दर ठरवला, तेव्हा तो युनिटला 66 पैसे होता. महिना 300 युनिट वापरणाऱ्या घराला त्या दराने 198 रुपये जास्त पडायचे. आयोगाच्या आदेशाप्रमाणे हा आकडा बदलत राहतो, त्यामुळे अर्ज करण्याआधी तुमच्या कंपनीकडे, मग ती बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा महावितरण, चालू दर विचारा. परवडत असेल तर घ्या, पण मागणी दाखवण्याचा तो मार्ग आहे, यापेक्षा मोठा अर्थ त्याला देऊ नका.

गच्ची असेल तर गच्चीला पहिला मान. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. म्हणजे 20 किलोवॅटला 3 लाख 60 हजार. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरच्या जागी नेट मीटर, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करणारा मीटर, बसला की बिल लक्षणीय उतरतं. दोन परिस्थितींत मात्र ठराव पुढे ढकला. शेजारी उंच टॉवर उभा राहत असेल आणि दुपारनंतर गच्चीवर त्याची सावली येणार असेल, किंवा इमारत दोन-तीन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल. दुसऱ्या बाबतीत बिल्डरशी होणाऱ्या करारात नव्या इमारतीच्या गच्चीवर किती किलोवॅट बसवणार, हे आत्ताच लिहून घ्या.