जवस आणि जव ओळखायला शिकवणारी बियाण्यांची पेटी

भंडारा जिल्ह्यातील आमच्या खेड्याच्या शाळेसाठी एका महिला बचत गटाकडून घेतलेली ही लाकडी पेटी तिसरी-चौथीच्या मुलांना जवस आणि जव यांतला फरक फार नेमकेपणाने दाखवते. फळ्यावर कितीही समजावले तरी तो इतका ठसत नाही. जवसाची बी चपटी, तपकिरी आणि तुकतुकीत. जवाचा दाणा लांबट, फिकट पिवळा, मधोमध खाच असलेला. पण पेटीचा खरा गुण तिच्यासोबत मिळणाऱ्या छोट्या वाटीत आहे. दोन्ही पाण्यात घातले की काही वेळाने जवस बुळबुळीत होऊन बोटांना चिकटते, जव मात्र नुसते भिजते. हे हाताने अनुभवलेले मूल पुन्हा सहसा गल्लत करत नाही.

कार्डांवरील मजकूरही विश्वासार्ह आहे. जवस हे निळ्या फुलांचे तेलबियांचे पीक, आपल्याकडे उतेरा पद्धतीने, म्हणजे धान कापण्याआधीच उभ्या पिकात बी फेकून, पेरले जाणारे आणि भाजून, कुटून चटणीत येणारे. तर जव हे गव्हाच्या कुळातील तृणधान्य, मुख्यतः राजस्थान व उत्तर प्रदेशात पिकणारे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मात्र जवालाच सातू म्हणतात, याचा उल्लेख नाही. तो हवाच होता, कारण सातू हे नाव अनेक मुलांनी घरी ऐकलेले असते. कप्प्यांची झाकणे सैल असल्याने पावसाळ्यात बियांना ओल धरते. तेवढी दुरुस्ती गटाने अवश्य करावी.