फ्यूजच्या जागी तार

मी इलेक्ट्रिशियन आहे. नागपूरच्या महाल भागात छोटं दुकान आहे. "फ्यूजमध्ये जाड तार कोंबू नका हो, एक दिवस घर पेटेल" हे वाक्य वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. तर अशा माणसानं साडेतेरा हजार रोख मोजून जी वस्तू आणली, तिच्या आत फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा पिळलेला निघाला. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

वस्तू म्हणजे एअरसॉफ्टची, एकमेकांवर छर्रे मारायच्या खेळातली गन. दिसायला हुबेहूब रायफल, आत बॅटरीवर चालणारी मोटर, गिअर, पिस्टन आणि स्प्रिंग. सुटतो तो ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा गोल छर्रा, वजनाला जेमतेम पाव ग्रॅम. अंगाला लागला की चटका बसतो, जवळून लागला तर वळ उठतो. ज्याला लागला त्यानंच हात वर करून "आउट" म्हणायचं, म्हणजे सगळा खेळ इमानदारीवर. आम्ही नऊ जण काटोल रोडला फेटरीच्या पुढे एका मित्राच्या मामाजींच्या शेतात खेळतो. एका अंगाला संत्र्याची बाग, दुसऱ्या अंगाला पडीक जागा आणि एक जुनं गोडाऊन. रविवारी तर्री-पोहे हाणून सकाळी निघायचं आणि ऊन तापायच्या आत घरी. दोन महिने मी उसनी गन घेऊन खेळलो. दिवाळीनंतर हातात थोडे पैसे आले आणि स्वतःची घ्यायची खाज सुटली.

पहिल्यांदा फसलो तो प्रकार थोडक्यात सांगतो, कारण तो जुनाच आहे आणि तरीही चालतोय. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. विकणारा म्हणाला, मी फौजेत आहे, कामठीला पोस्टिंग होती, आता बदली झाली म्हणून सामान काढतोय. कामठीत गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. त्यानं न मागता ओळखपत्राचा फोटो पाठवला, वर्दीतला फोटो पाठवला, कँटीन कार्डसुद्धा पाठवलं. तो फौजी नव्हता हे वेगळं सांगायला नको. सगळे फोटो कुणाचे तरी चोरलेले. पण मी विरघळलो. "आर्मीच्या गाडीनं पार्सल येईल, गेटपासचे १,५०० टाका." टाकले. "२,००० डिपॉझिट, परत मिळेल." तेही टाकले. मग त्यानं क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, डिपॉझिट परत येईल. तिथे माझी ट्यूब पेटली. दुकानात दिवसभर लोक मला यूपीआयनं पैसे देतात, घेताना मी कधी पिन टाकलाय का? पिन पैसे जाण्यासाठी असतो. पण साडेतीन हजार गेले होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, लाजेपोटी रात्रभर कुणाला न सांगता. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे सरकले होते. त्याच तासात फोन केला असता तर मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता तरी होती. रात्रीची झोपही गेली आणि पैसेही.

मग मी शपथ घेतली की आता समोरासमोर पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि पाहून घेतली. तीच ही साडेतेरा हजारांची.

हा दुसरा माणूस गोड बोलायचा. व्हॉट्सॲपवर हिरव्या टॉवेलावर ठेवलेल्या गनचे सहा फोटो, सोबत दोन मॅगझिन, बॅटरी, चार्जर, आणि ठळक अक्षरांत "गॉगल फ्री". एक व्हिडिओसुद्धा होता. गन क्रोनोवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायच्या यंत्रावर धरलेली, आणि आकडा ४०२ फूट प्रति सेकंद. भेटायची जागा त्यानं फुटाळा तलावाला सांगितली, संध्याकाळी साडेसातला. "बाहेर काढायची नाही भाऊ, लोक पाहतात, गाडीतच पाहून घ्या." मला ते शहाणपणाचं वाटलं. गाडीच्या आतल्या दिव्यात काय दिसणार, कप्पाळ! बॉक्सवर चांगल्या कंपनीचं स्टिकर होतं. त्यानं खिडकीच्या काचा वर करून जुन्या उशीवर चार-पाच छर्रे मारून दाखवले, एकेक करून. मी म्हटलं, सलग मारून दाखवा. तर म्हणे, "बॅटरी डाउन आहे, घरी चार्ज करा नं." बिल? "सेकंडहँडचं कुठून बिल येईल भाऊ? आणि लायसन्स वगैरेची भानगड नाही, साडेचारच्या आतलं आहे हे." मी मान डोलावली. साडेचार म्हणजे काय हे विचारलंसुद्धा नाही.

घरी बॅटरी चार्ज केली, टेरेसवर विटांच्या आडोशाला सलग फायर केलं. वीसेक छर्रे सुटले आणि मोटर नुसतीच घुरघुरायला लागली. वास आला. जळालेल्या इन्सुलेशनचा वास मला झोपेतही ओळखू येतो. बॅटरी काढून फेकली आणि गन उघडली. स्क्रूंची डोकी आधीच चावलेली, म्हणजे आपल्या आधी दोन-तीन जणांनी हात मारलेला. गिअर "फुल मेटल" सांगितले होते, निघाले पांढरे नायलॉनचे, दोन दात गायब. वायर बारीक, जोडावर चिकटपट्टी. आणि फ्यूज होल्डरमध्ये ती तार. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी ही भिंतीवरच्या बोर्डापेक्षा वाईट चीज आहे हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. शॉर्ट झाली तर तिच्यातून एकदम एवढा करंट येतो की ती फुगते आणि पेटते. मीटर लावला. ७.४ व्होल्टचा पॅक, आत दोन सेल. पूर्ण चार्जनंतर एक सेल ४.२ दाखवत होता, दुसरा ३.१. हा पॅक माझ्या कारच्या डिकीत नागपूरच्या उन्हात राहिला असता तर हे लिहायला मी दुकानात बसलो नसतो, कार विझवत बसलो असतो. घेताना मीटर खिशात होता हो! धंद्याच्या सवयीनं नेहमी असतो. काढला नाही, एवढंच.

रविवारी गन दुरुस्त होईल या आशेनं शेतात नेली. आमच्यात एक फिजिक्सचे सर आहेत, क्रोनो त्यांच्याकडेच असतो. ०.२० ग्रॅमचे छर्रे भरून त्यांनी गन धरली, आकडा आला ३०८. मी म्हटलं, व्हिडिओत तर ४०२ आहे. सरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि कोपऱ्यातल्या पिशवीकडे बोट केलं. जत्रेत खेळण्यातल्या बंदुकीबरोबर मिळतात तसे हलके पिवळे छर्रे, ०.१२ चे. "गन तेवढीच ताकद लावते," ते म्हणाले, "वजन कमी केलं की वेग वाढतो. ०.१२ चे ४०२ म्हणजे ०.२० चे सुमारे ३११. त्यानं खोटं काही दाखवलं नाही, वजन फक्त सांगितलं नाही." म्हणून आकड्यावर कधीच भुलू नका, छर्रा किती ग्रॅमचा ते आधी विचारा. ०.२० ग्रॅम आणि ३२८ फूट म्हणजे बरोबर एक ज्यूल, आणि आमच्या शेतात त्याच्या वर कुणाचीच गन चालत नाही. त्या हिशेबानं माझी गन नियमात बसत होती, हा त्यातल्या त्यात विनोद.

पण पैशाचं हे सगळं मी विसरलो असतो. विसरता न येण्यासारखं पुढेच आहे.

शेताचे नियम मामाजींचे आणि सरांचे मिळून. खेळाच्या आधी मामाजी रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाचं झटका मशीन स्वतः बंद करतात आणि कुंपणाला हात लावून दाखवतात. त्यांच्या शेतातल्या विहिरीला कठडा नाही, म्हणून तिच्या भोवती वीस पावलांवर लाल रिबन, आणि रिबनच्या आत गेला तो त्या दिवसापुरता घरी. बकऱ्या किंवा बाया शेतात आल्या की शिट्टी आणि सगळ्यांच्या गन खाली. गोडाऊनच्या सावलीत बसायचं तर मॅगझिन बाहेर, नळीवर कापडी टोपी. रस्त्यावर गन उघडी दिसली तर तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही. आणि नवीन गॉगल कुणाचाही असो, आधी बाभळीला टांगून तीन मीटरवरून पाच छर्रे खायचे, मग डोळ्यावर.

हा शेवटचा नियम मला तेव्हा चोचले वाटायचा. फुकटात मिळालेला तो गॉगल कोरा करकरीत होता, बॉक्सवर "झेड८७" हा डोळ्यांच्या सुरक्षेचा अमेरिकी शिक्का छापलेला. बहिणीचा मुलगा सोबत आला होता, एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच खेळणार. गॉगल त्याच्यासाठी. मी म्हटलं, नवा आहे, कशाला उगाच ओरखडे पाडता?

मामाजी बांधावर बसले होते. तंबाखू मळता मळता म्हणाले, "डोया महाग का हे पिलास्टिक महाग, तूच सांग बे."

टांगला. पहिला छर्रा लागला, काच नुसती थरथरली. दुसऱ्याला काच मधोमध तडकली आणि बोटाच्या नखाएवढा तुकडा आत उडून मागच्या स्पंजात रुतला. उभा. भाच्यानं तो उपटून काढला, हातात धरून पाहिला आणि काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही. परतताना काटोल नाक्यापर्यंत गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही आम्ही.

नंतर सरांनी समजावलं ते असं. खरा झेड८७ चा शिक्का बॉक्सवर असून उपयोग नाही, तो काचेवर आणि फ्रेमवर कोरलेला असतो, आणि जोराच्या माऱ्यासाठीचा असेल तर पुढे अधिकचं चिन्ह असतं. युरोपचं ईएन १६६ हे मानक असेल तर काचेवर अक्षर शोधायचं. तिथल्या चाचणीत ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी काचेवर मारतात. "एफ" अक्षराला ४५ मीटर प्रति सेकंदानं, "बी" ला १२० नं. सरांनी पाकिटावरच गुणाकार करून दाखवला. एफ म्हणजे ०.८७ ज्यूल, आपल्या एक ज्यूलच्या गनपेक्षाही कमी. बी म्हणजे सहा ज्यूलच्या वर. म्हणजे एफचा गॉगल खरा असला तरी आपल्या कामाचा नाही. बांधकामावर, वर्कशॉपमध्ये धुळीसाठी घालतात त्या चष्म्यांची तर गोष्टच सोडा. माझ्या गॉगलच्या काचेवर कोरलेलं काहीच नव्हतं. फुटाळ्याला गाडीतल्या दिव्यात मी तेही पाहिलं नव्हतं, कारण फुकटच्या वस्तूचं कोण काय पाहतं? आता वाटतं, गन ही फसवणूक होती आणि तो गॉगल गुन्हा होता.

विकणाऱ्याला फोन केला. "सेकंडहँडला वॉरंटी नसते भाऊ." गॉगलचं सांगितलं, तर म्हणे तो फ्रीच होता. मग ब्लॉक.

तक्रार करायला मी तीन आठवडे लावले, आणि हे कबूल करताना अजून कान गरम होतात. पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगायचं, रायफलसारखी दिसणारी वस्तू अंधारात रोखीनं घेतली, बिल नाही? तो माणूस नेमका याच संकोचावर जगतो. त्याला ठाऊक आहे की त्याचं गिऱ्हाईक ठाण्याची पायरी चढणार नाही. तो "साडेचार"चा मंत्रही मग मी शोधला. २०१६ च्या शस्त्र नियमांत हवाई शस्त्रांसाठी दोन मर्यादा आहेत, २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर नळी. आपली नळी ६ मिलिमीटरची. म्हणजे ज्या वाक्यानं त्यानं मला निर्धास्त केलं, ते या वस्तूला लागूच पडत नव्हतं. विकणाऱ्याच्या तोंडून आलेला कायदा कायदा नसतो. शेवटी सर, मी आणि मामाजी असे तिघे गेलो, मामाजींचं जागेच्या परवानगीचं पत्र आणि खेळाची माहिती लेखी घेऊन. हवालदार साहेबांनी सगळं ऐकलं आणि आधी मलाच झापलं, "फुटाळ्याला गाडीत बसून हे पाहत होते? कुणी पाहून कंट्रोलला फोन केला असता तर?" खरं होतं. तक्रार घेतली. गन तेव्हापासून माझ्या माळ्यावर आहे, बॅटरी आणि मोटर काढून. भाचा उसनी गन आणि सरांचा गॉगल घेऊन खेळतो.

परवा दुकानात चहा पिताना एका ग्रुपवर नवी जाहिरात दिसली. दुसरं नाव, दुसरा नंबर, दुसरी गन, "गॉगल फ्री". खाली तोच हिरवा टॉवेल, कडेला सिगारेटचं तेच भोक. आणि व्हिडिओत ४०२. त्याला दुसरा व्हिडिओ करायचाही कंटाळा. स्क्रीनशॉट काढून हवालदार साहेबांना पाठवला, आणि बायकोच्या नंबरवरून त्याला एकच ओळ लिहिली, "बिल मिळेल का, आणि छर्रा किती ग्रॅमचा?"

दोन निळ्या टिक आल्या आहेत. उत्तर नाही.