टिपांचं बायबल, शेजारी आपलं मराठी पवित्र शास्त्र: अकरा महिन्यांनंतर

‘न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड बायबल’ची पाचवी आवृत्ती (२०१८) घेऊन अकरा महिने झाले. रोज पहाटे अर्धा-पाऊण तास ते टेबलावर उघडं असतं. शेजारी घरचं मराठी ‘पवित्र शास्त्र’, दोन रंगीत पेन्सिली आणि एक वही. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. लहानपणी संडे स्कूलमध्ये भरपूर वचनं पाठ केली, पण ती कुणी, कधी, कुणासाठी लिहिली हे कधी विचारलं नव्हतं. तो प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पुस्तक जाडजूड आहे, दोन हजारांवर पानं. वर १९८९ च्या ‘न्यू रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन’चा मजकूर, खाली बारीक टाइपात टिपा, प्रत्येक ग्रंथाआधी प्रस्तावना, शेवटी लेख, कालपट, वजनमापांचा तक्ता आणि नकाशे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसलेले जुने ग्रंथही आहेत. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर लेवीय या तिसऱ्या ग्रंथापर्यंत दम संपतो, माझा संपला होता. एखादी ओळखीची गोष्ट निवडून तिच्यावर आठवडा घालवा, मग हे पुस्तक बोलायला लागतं.

मी उत्पत्ती या पहिल्या ग्रंथातल्या नोहापासून पुन्हा सुरुवात केली: महापूर येतो आणि नोहा तारवात, म्हणजे मोठ्या नौकेत, माणसं आणि प्राणी वाचवतो ती गोष्ट. आपल्या मराठी मजकुरात कुठे ‘देव’ असतो आणि कुठे ‘परमेश्वर’. मी ते नेहमी एकच समजून वाचत गेले होते. टिपांवरून कळलं की मूळ हिब्रूतही इथे दोन वेगळी नावं आहेत, आणि १७५३ साली ज्याँ अस्त्रुक या फ्रेंच वैद्याने याच धाग्यावरून उत्पत्तीतले वेगवेगळे स्रोत सोडवायचा प्रयत्न केला होता. उत्पत्ती ६ ते ९ ची झेरॉक्स काढली. ‘देव’ निळ्याने, ‘परमेश्वर’ तांबड्याने. निळ्या ओळींत प्रत्येक जातीची एक जोडी तारवात जाते आणि पाणी दीडशे दिवस राहतं. तांबड्या ओळींत शुद्ध पशूंच्या सात जोड्या आहेत आणि पाऊस चाळीस दिवसांचा. सातव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात तर दोन्ही रंग एकाच ओळीत आले: देवाने आज्ञा केली तसे प्राणी आत गेले आणि परमेश्वराने नोहाला आत बंद केलं. सात जोड्या का, तेही उलगडलं. पूर ओसरल्यावर नोहा होमार्पण करतो. शुद्ध पशूंची एकच जोडी असती, तर ती जात वेदीवरच संपली असती. हा भाग तांबड्या ओळींतच येतो. इतकी वर्षं ही गोष्ट मुलांना सांगत आले होते आणि हे एकदाही दिसलं नव्हतं. त्या पहाटे चहा निवून गेला.

टिपांमधूनच मग गिल्गमेश या मेसोपोटेमियातल्या प्राचीन महाकाव्याच्या अकराव्या पाटीकडे गेले. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या तुकड्यांवर तो पूर वाचला. तिथेही नौका आहे, सोडलेले पक्षी आहेत, शेवटी यज्ञ आहे. वास आल्यावर देव माश्यांसारखे गोळा होतात. उत्पत्तीतही परमेश्वर सुवास घेतो, पण तो एकटा आहे, भुकेला नाही, आणि लगेच म्हणतो की भूमीला पुन्हा शाप देणार नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच मला त्या वाक्याचं वजन कळलं. बायबलने कथा ‘उचलली’ एवढंच म्हणून थांबणाऱ्यांशी मी सहमत नाही. सगळ्या मुलखाला ठाऊक असलेली गोष्ट त्या माणसांनी आपल्या देवाबद्दल सांगायला घेतली, आणि काय बदललं ते बघण्यात खरा अभ्यास आहे.

दुसरं उदाहरण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना लगेच पटेल. निर्गम या दुसऱ्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा आहे. आमच्याकडे असा एक बैल होता, त्यामुळे मी तो अध्याय कधी ओलांडून गेले नाही. लुव्र संग्रहालयातल्या काळ्या शिळेवर कोरलेल्या, बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांतही मारका बैल आहे. मालकाला आधी ताकीद मिळूनही त्याने बैल आवरला नाही आणि माणूस दगावला, तर दंड अर्धा मिना (त्या काळचं वजन) चांदी. निर्गमात बैलाला दगडमार करायची, त्याचं मांसही खायचं नाही, आणि मालक जिवानिशी जबाबदार, खंडणी ठरवली तरच सुटका. दास मेला तर मात्र दोन्हीकडे चांदीवर भागतं. ते वाचून त्रास होतो आणि व्हायलाच हवा.

राजांचे ग्रंथ वाचताना बखरी आठवत राहिल्या. बखर एकटी वाचू नये, शेजारी इंग्रजांची पत्रं ठेवावीत, हे आपल्याला इतिहासाच्या अभ्यासकांनी शिकवलं आहे. इथेही तसंच. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला. २ राजे १८ सांगतं, यहूदाचा राजा हिज्कीया याने तीनशे किक्कार (त्या काळचं मोठं वजन) चांदी आणि तीस किक्कार सोनं दिलं. सन्हेरीबचा लेख म्हणतो, सोनं तीसच, चांदी आठशे. छेचाळीस तटबंद शहरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमेत कोंडलं, असंही तो सांगतो. पण यरुशलेम घेतलं असं तो कुठेच म्हणत नाही. निनवे या आपल्या राजधानीतल्या राजवाड्याच्या शिल्पांत त्याने कोरून घेतला तो लाखीश या यहूदातल्या दुसऱ्या शहराचा पाडाव.

घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या ७:१४ वर. मत्तय आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माबद्दल हेच वचन देतो. आपल्या मराठीत ‘कुमारी गर्भवती होईल’, या इंग्रजी बायबलात ‘तरुण स्त्री’. सासूबाई दुखावल्या.

“अगं, कुमारी काढून टाकली का ह्यांनी?”

“नाही आई. हिब्रूत ‘अल्मा’ आहे, म्हणजे तरुणी. ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहुद्यांनी तिथे ‘कुमारी’ हा शब्द घातला. येशूच्या जन्माआधीच.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मत्तयापुढे ग्रीक पोथी होती म्हण.”

अगदी बरोबर. आणि यशयाच्या समोर उभा होता तो यहूदाचा घाबरलेला आहाज राजा, शत्रू दाराशी आलेले, त्याला लगेच धीर हवा होता. दोन्ही प्रसंग खरे आहेत, दोन वेगळ्या काळातले. सासूबाईंचा विश्वास यामुळे तसूभर हलला नाही, माझाही नाही.

मराठी मजकुरात नसलेला एक परिच्छेदही इथे भेटला. १ शमुवेलाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी, अम्मोनी राजा नाहाशाने गाद आणि रऊबेन वंशांतल्या लोकांचे उजवे डोळे फोडल्याचा आणि सात हजार माणसं याबेश-गिलादला पळून गेल्याचा. तो मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्यांतून आला. अकराव्या अध्यायात नाहाश अचानक डोळे काढायची अट का घालतो, हे त्याशिवाय कळतच नव्हतं.

उणं काय? टिपा इंग्रजीत आणि दाट आहेत, सुरुवातीला शब्दकोश लागतो. मेसोपोटेमियाचे मूळ लेख पूर्ण मिळत नाहीत, फक्त उल्लेख येतो, ते वेगळे शोधावे लागतात. प्रार्थनेसाठी मनन हवं असेल तर हे पुस्तक त्यासाठी नाही. आणि मराठी प्रत मिटून नुसतं हेच वाचू नका. ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ रंगवल्याशिवाय मला नोहा उलगडला नसता. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या आठवणीने मीही हिब्रू अक्षरं गिरवायला घेतली आहेत.

आता आम्ही चौघी जणी रविवारी उपासनेनंतर एकत्र बसतो. या आठवड्यात मार्काच्या शुभवर्तमानाचा सोळावा, शेवटचा अध्याय आहे. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत मोठ्या जुन्या प्रती तिथे आठव्या वचनावर थांबतात: बायका येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळाल्या, आणि भ्याल्या म्हणून कुणाला काही बोलल्या नाहीत. आम्हीही तिथेच थांबून वाचणार आहोत.